गंजीफ्रॉकचं माहेर: मच्छीमारांचा गान्झी, पोलादी सुया आणि लाकडी म्यान

पाचधागी

लहानपणी आमच्या घरी बनियनला सगळे गंजीफ्रॉकच म्हणायचे. आजोबांचे दोन गंजीफ्रॉक कायम दोरीवर असायचे. तो शब्द आला कुठून, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर राहायला आल्यावर शेजारच्या आजींनी एकदा त्यांच्या नवऱ्याचा जुना गडद निळा स्वेटर काढून दाखवला. म्हणाल्या, "हा त्याचा गान्झी." मी दोनदा विचारून घेतलं. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून नाव पडलेल्या या विणलेल्या अंगरख्याला एकोणिसाव्या शतकात 'गर्न्सी फ्रॉक' म्हणत. इथल्या किनाऱ्यावरच्या बोलीत त्याचा गान्झी झाला आणि आपल्याकडे गंजीफ्रॉक. शेजारचं जर्सी बेट तर आपल्या खेळाडूंच्या अंगावरही आहे आणि गोठ्यातही!

तेव्हापासून मला या स्वेटरचं वेड लागलं. पहिला पूर्ण केला, दुसरा सुईवर आहे. या मंचावर विणणारी मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रचना. हा स्वेटर कुठेही शिवलेला नसतो. खालच्या काठापासून गोल, नळीसारखा विणत काखेपर्यंत यायचं. पुढची आणि मागची बाजू एकसारखी, म्हणजे एक बाजू झिजली की स्वेटर फिरवून घालता येतो. दोन्ही कुशींत उलट टाक्यांची एक रेघ वर चढत जाते. दिसते शिवणीसारखी, पण ती मोजणीची खूण असते. काखेच्या तीनेक इंच खाली त्या रेघेपाशी टाके वाढवत न्यायचे, की काखेत एक चौकट तयार होते. नेहरू शर्टाच्या काखेत शिंपी वेगळा तुकडा जोडतो ना, तेच काम, पण विणता विणता झालेलं. त्यामुळे हात डोक्यावर नेला तरी स्वेटर कमरेवरून वर सरकत नाही. दिवसभर दोर ओढणाऱ्या माणसाचा कपडा आहे हा.

काखेनंतर पाठ आणि छाती वेगळी विणायची, खांद्यावर दोन सुया शेजारी धरून तिसरीने एकत्र बंद करायची. आणि मग बाह्या. माझ्या आईने बाही कायम मनगटाकडून सुरू केली. इथे उलटं आहे. खांद्याच्या कडेवरून टाके उचलायचे आणि खाली मनगटाकडे उतरत जायचं. मला आधी वाटलं की ही नुसती रीत असेल. पण आजींनी नवऱ्याच्या स्वेटरची बाही हातात दिली. कोपराखालचा निळा रंग वरच्यापेक्षा स्पष्ट ताजा होता. विणलेलं कापड जिथे संपवलं त्या टोकाकडून सरळ उसवतं, सुरुवातीकडून उसवत नाही. मनगट आणि कोपर सगळ्यात आधी झिजणार, म्हणून शेवट तिथे आणून ठेवलाय. बाही झिजली की कोपरापर्यंत उसवा, नवी लोकर जोडा, पुन्हा खाली विणत या. आजींनी ती बाही तीनदा उतरवली होती. नक्षीही बहुतेकदा छातीवर आणि बाहीच्या वरच्या भागातच असते. खालचं सगळं साधं सुलट, म्हणजे दुरुस्तीला सोपं.

बाही मनगटाच्या जरा वरच संपते. ओली, खारट कड मनगटावर घासत राहिली की कातडी सोलवटते. अंगालाही तो घट्ट असतो, कारण ढिला कपडा दोरात अडकला तर माणूस ओढला जातो.

आता हत्यारांबद्दल. इथे सगळ्यांना विचारायचंही आहे.

पहिला स्वेटर मी गोल सुईवर घातला, प्लास्टिकच्या नळीने जोडलेल्या दोन टोकांच्या. जमला, पण विणीला तो कडकपणा आला नाही. मग जुन्या वस्तूंच्या बाजारात एक लाकडी म्यान मिळालं. वीतभर लांब, हंसाच्या पंखासारखं बाकदार, वरच्या टोकाला एक भोक. त्यावर दोन अक्षरं आणि एक बदाम कोरलेला आहे. तरुण मुलं अशी म्यानं कोरून आपल्या मुलीला द्यायची. काहींवर लाकडातच कोरलेली साखळी असते, काहींत पिंजरा आणि आत सुटी गोळी. हे म्यान उजव्या कुशीवर कमरेच्या पट्ट्यात खोचायचं आणि उजव्या सुईचं मागचं टोक त्या भोकात बसवायचं. सुया पोलादी, दोन्हीकडे टोकाच्या, चौदा ते अठरा इंच लांब. पाच किंवा जास्तही लागतात.

सुई एकदा रोवली गेली की उजव्या हाताला ती धरायची गरजच उरत नाही. हात सुईच्या टोकावर टेकलेला राहतो आणि तर्जनी धागा टाकत राहते. डावा हात टाके पुढे सरकवतो. सगळा ताण कमरेवर जातो. लांब पोलादी सुई किंचित वाकते आणि परत येते, त्या झोकातच टाका घट्ट बसतो. पहिले आठ दिवस मला काहीच जमलं नाही, हात सारखा सुई पकडायला जायचा. नवव्या दिवशी सुटला.

चाळीस इंच छाती, इंचाला आठ टाके, म्हणजे एका फेरीला तीनशे वीस. अख्खा स्वेटर मोजला तर सव्वा लाख टाक्यांच्या आसपास जातो. मनगटाने ओढून मी इतके घट्ट टाके घातलेच नसते.

तुमच्यापैकी कोणी अशी आधाराने, सुई खोचून विणणारी माणसं पाहिली आहेत का? आपल्याकडे काखेत सुई धरून विणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

---

कोल्हापूरची_सुई

काय सुंदर लिहिलंयस! आमच्या मामी उजवी सुई काखेत दाबूनच विणायच्या, चालता चालता सुद्धा. त्यांना कोणी शिकवलं ते आता विचारायची सोय नाही.

बाही खांद्यावरून खाली उतरवायची, हे वाचून मी कपाटातला मुलाचा शाळेचा स्वेटर काढून बघितला. कोपरं गेली म्हणून ठेवून दिला होता. आम्ही मनगटाकडून विणला, म्हणून उसवता आला नाही. इतकी वर्षं हे लक्षात आलं नव्हतं.

खालचा काठ कसा घालतात? माझा काठ नेहमी पसरतो.

---

पाचधागी

काखेत सुई ही त्याचीच बहीण म्हणायला हवी. टोक कुठेतरी स्थिर असलं पाहिजे, एवढंच तत्त्व आहे.

काठ दुहेरी धाग्याने घालतात. गर्न्सी आणि जर्सीच्या पद्धतीत प्रत्येक दोन टाक्यांमागे एक छोटी गाठ येते, कडेला मण्यांची ओळ असल्यासारखी दिसते. ती झिजत नाही. पुढचा आणि मागचा काठ वेगळा, सगळ्या ओळी सुलट घालून दोन पट्ट्यांसारखा विणायचा, मग दोन्ही एकमेकांवर थोडे चढवून गोल जोडायचे. कुशीला चीर राहते, म्हणून बसता-उठता काठ ताणला जात नाही. तुझा पसरतोय तर तेवढ्या भागाला एक नंबर बारीक सुई घे.

---

भाऊचाधक्का

विणकामातलं मला काही कळत नाही. पण घर कोळ्याचं आहे, म्हणून लिहितो.

बाहीचा शेवट मनगटाला आणून ठेवलाय, हे वाचल्यावर मला बाबांचं डोलीचं जाळं आठवलं. तोंडाला मोठी घरं, मागे जाल तशी बारीक होत जातात आणि शेवटाला खोला, जिथे बोंबील-जवळा साठतो. सगळा भार तिथे, म्हणून खोला आधी जातो. पण जाळं भागाभागाने जोडलेलं असतं. खोला काढायचा, नवा लावायचा, बाकीचं जाळं तसंच चालतं. किनाऱ्यावर बसून हे काम चालायचं तेव्हा बाबा आम्हाला म्हणायचे, जाळं नवं असतं तेव्हा सगळेच शहाणे.

लोकरीचं मात्र आमच्याकडे काय काम? समुद्रावर घाम पुसायला रुमाल पुरत नाही.

---

संशयी

लेख आवडला. मात्र एक गोष्ट खटकते, ती या लेखात नाही, पण या स्वेटरांबद्दल सगळीकडे वाचायला मिळते. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, म्हणून बुडालेल्या माणसाचं प्रेत दूरच्या किनाऱ्याला लागलं तरी नक्षीवरून त्याचं गाव कळायचं. हे खरं आहे?

---

जुनीपानं

@संशयी, ही कथा जशी सांगतात तशी टिकत नाही. तिचं एक मूळ मात्र सापडतं. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांचं 'रायडर्स टू द सी' हे नाटक १९०४ साली रंगमंचावर आलं. आयर्लंडच्या पश्चिमेच्या अरान बेटांवरची गोष्ट आहे. बुडालेल्या भावाचे कपडे घरी येतात आणि बहीण ते ओळखते. पण कशावरून? स्वेटरच्या नक्षीवरून नाही, मोज्यावरून. साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सुटले होते, हे तिला आठवतं. स्वतःच्या हातची चूक तिने ओळखली. पुढे अरान स्वेटर पर्यटकांना विकताना याच प्रसंगाला गावाची आणि घराण्याची नक्षी जोडली गेली.

मला नाटकातलाच प्रसंग अधिक खरा वाटतो. विणणारीला आपली चूक कायम ओळखू येते.

---

पाचधागी

@जुनीपानं, नेमकं लिहिलंत. आणखी दोन गोष्टी. ओळख पटावी म्हणून खरंच काही केलं असेल तर ती नावाची आद्याक्षरं. काठाच्या वर, साध्या भागात, उलट टाक्यांनी दोन अक्षरं विणलेली असतात. आजींच्या नवऱ्याच्या स्वेटरवरही आहेत.

दुसरं, नक्षी गावात बंद राहणं शक्यच नव्हतं. हेरिंग माशाचे थवे उन्हाळ्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत, नावा त्यांच्या मागे आणि मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश बायका नावांच्या मागे, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यार्मथपर्यंत. तिघींची टोळी असे. दोघी मासे चिरायच्या, तिसरी पिंपात मिठाचे थर लावून भरायची. सुरी आणि मीठ लागू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. नावा यायच्या असल्या की याच बायका धक्क्यावर उभ्या उभ्या, चालता चालता विणायच्या. शेजारणीच्या स्वेटरवर आवडलेली वेणी आपल्या सुईवर यायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या हंगामात ती चारशे मैलांवरच्या गावात दिसणार.

गावांच्या आवडी मात्र नक्की होत्या. नॉरफकमधल्या शेरिंगमची वीण फार बारीक. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांमधल्या एरिस्केची सगळ्यात भरगच्च: नांगर, तारामासे, सगळं चौकटींत मांडलेलं. यॉर्कशायरच्या फायलीला शिड्या, वेण्या आणि जाळ्याचे शंकरपाळे. नागमोडी रेघेला 'मॅरेज लाइन्स' म्हणतात, संसारातले चढउतार. कॉर्नवॉलच्या पोलपेरो गावातल्या मच्छीमारांची १८६०च्या दशकातली छायाचित्रं आहेत, लुइस हार्डिंग यांनी काढलेली. एकाच गावातले शेजारी शेजारी उभे पुरुष, प्रत्येकाच्या छातीवर वेगळी नक्षी. कॉर्नवॉलमध्ये याला 'निट फ्रॉक' म्हणत. तिथेही फ्रॉकच!

---

भाऊचाधक्का

बोटांना चिंध्या... आई ससून डॉकला कोळंबी सोलायला जायची तेव्हा हेच करायची. पहाटे आम्ही झोपेत असताना ती जुन्या पातळाच्या पट्ट्या फाडत बसलेली असे, तो आवाज अजून कानात आहे. वरचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, मजुरी पिंपावर मिळायची की दिवसावर?

---

पाचधागी

हंगामाच्या करारावर आगाऊ रक्कम आणि वर भरलेल्या पिंपामागे पैसे, तेही तिघींत वाटून. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

रॉटरडॅमकर

हॉलंडच्या किनाऱ्यावरही हीच जात सापडते. इथल्या मच्छीमारांच्या जुन्या छायाचित्रांत छातीवर एक शंकरपाळ्यासारखी चौकट दिसते, तिला 'देवाचा डोळा' म्हणतात. हेरिंगच्या मागे जाणाऱ्या डच नावा स्कॉटलंडच्या बंदरांत थांबायच्या, तेव्हा हे येणंजाणं असणारच. माझ्या बायकोने तो डोळा माझ्या टोपीवर विणलाय.

---

रसायनवाली

लोकर पाण्यात जड होते, मग समुद्रावर कशाला, हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मीच उत्तर देते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि ओल शोषताना ती थोडी उष्णता सोडते. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब खेचून घेतो.

गान्झीची लोकर आधी विंचरतात, म्हणजे आखूड तंतू निघून जातात आणि लांब तंतू एकमेकांना समांतर बसतात. मग असे पाच पदर घट्ट पिळून एक धागा. त्याला लव नसते, गोळे धरत नाहीत आणि उलट टाका दगडावर कोरल्यासारखा उठतो. फुलवलेल्या मऊ लोकरीत ही नक्षी बुडून जाईल.

तो गडद निळा रंग पूर्वी निळीचाच असे. बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आणली. त्याआधी ब्रिटनला जाणारी बरीचशी नीळ बंगाल-बिहारची होती, आणि ती कशी पिकवून घेतली जायची ते आपण चंपारणमुळे जाणतोच. असा जुना स्वेटर पाहिला की मला हेही आठवतं.

---

पाचधागी

@रसायनवाली, निळीचा हा धागा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आता स्वेटर हातात घेताना आठवेल.

---

पर्वतीपायथा

मी मोजे चार सुयांवर विणते, त्यामुळे धीर आहे. पण पुण्यात ही पाच पदरी लोकर मिळणार नाही. बाजारात दिसते ती बहुतेक ॲक्रिलिक. आणि म्यान तर मिळणारच नाही. मग गोल सुईवर करू की सोडून देऊ? शिवाय पुण्याच्या थंडीत असा स्वेटर कोण घालणार?

---

पाचधागी

सोडू नकोस. लोकर घट्ट पिळाची मेरिनो घे, मोज्यांसाठी येते तशी. शंभर ग्रॅमला सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांबी भरली की जाडी जुळली समज. ॲक्रिलिकवर एवढे कष्ट घालू नकोस. त्यात हवा कोंडते आणि नक्षी बसून जाते.

सुयांबाबत आपलं बरं आहे. आपल्याकडे अजूनही जुन्या इंग्लिश नंबरांनीच सुया मिळतात, नंबर चढला की सुई बारीक. या कामाला तेरा किंवा चौदा नंबर. गोल सुई चालेल, माझा पहिला तसाच झाला.

म्यानाचं मात्र मन लावून सांगते, करून बघ. फार कौशल्य लागत नाही. स्कॉटलंडमध्ये गरीब घरांत पिसांच्या दांड्यांची किंवा गवताची घट्ट बांधलेली जुडीच पट्ट्यात खोचायचे. शेटलंडमध्ये कातडी पट्टा असतो, त्यावर घोड्याचे केस भरलेली एक उशी आणि उशीला भोकं. तिथल्या बायका आजही तो वापरतात. हेझल टिंडल या शेटलंडच्याच, २००८च्या स्पर्धेत त्यांनी तीन मिनिटांत २६२ टाके विणले. सुताराकडून सागाचा वीतभर तुकडा घे, एका टोकाला सुईच्या जाडीचं इंचभर खोल भोक पाडून घे, आणि कमरेला रुंद पट्टा बांध. सुई भोकात डुगडुगली तर भोक मोठं झालंय. मेण भर आणि पुन्हा पाड.

यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागातल्या डेंट गावच्या विणणाऱ्यांना 'टेरिबल निटर्स' म्हणत, म्हणजे जबरदस्त. त्या पुढेमागे डोलत विणायच्या, सुई म्यानात आणि अख्खं अंग लयीत. मला ती लय अजून पुरती सापडलेली नाही, कधी वीस-पंचवीस टाके येते आणि सुटते.

घालणार कोण, याचं उत्तर असं की पहिला मी बाबांसाठी विणला. ते नाशिकला डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना घालतात.

---

संशयी

इतकं सगळं हाताने कशाला, असं विचारणार होतो, पण प्रतिसाद वाचता वाचता प्रश्नच गळून पडला. एवढंच विचारतो: विणणं हे बायकांचंच काम होतं का?

---

जुनीपानं

अजिबात नाही. जर्सी बेटावर सोळाव्या-सतराव्या शतकात पुरुष, बायका, मुलं सगळेच मोजे विणून विकत. शेतं पडून राहायला लागली, तेव्हा १६०८ साली कायदाच झाला. सुगीच्या दिवसांत आणि खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करायच्या हंगामात पंधरा वर्षांवरच्या कोणी विणायचं नाही. विणताना सापडला तर कैद आणि पाव-पाणी.

---

कोल्हापूरची_सुई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सुताराने सागाऐवजी बाभळीचं म्यान करून दिलं. म्हणाला, साग सुईने झिजेल. भोक पहिल्याच खेपेला बरोबर पडलं. मुलाची जुनी एनसीसीची कमरपट्टी बांधते.

सुरुवातीला खांदा वर चढायचा. मग मामींची आठवण ठेवून कोपर अंगाला चिकटवलं, तेव्हा हात खाली आला. काठ झाला, गाठींची ओळ फार देखणी दिसते. चौदा फेऱ्या झाल्यात.

एकच शंका: माप घेतलं तर इंचाला साडेसात टाके भरतायत, आठ नाही. चौदाच फेऱ्या आहेत, चालवून घेऊ का?

---

पाचधागी

तीनशे वीस टाक्यांना साडेसातने भागून बघ, घेर पावणेत्रेचाळीस इंच होतो. अंगाला लागणार नाही आणि वारा आत शिरेल. उसव. काठ राहू दे, त्याच्या वरच्या फेऱ्या पुन्हा घाल, एक नंबर बारीक सुईने.

---

कोल्हापूरची_सुई

उसवल्या. लोकर गुंडाळून ठेवली आहे, उद्या उजेडात पुन्हा सुरू करते. रात्रीच्या दिव्यात हा निळा दिसतच नाही.